ॲडमिन-माहात्म्य

घराला नवा कॅमेरा लागला की त्याचा पासवर्ड आयुष्यात कधीही बदलायचा नाही, ही चाल कोल्हापुरात आता चांगली रुळली आहे. राजारामपुरीच्या गल्ल्यांत, ताराबाई पार्कातल्या बंगल्यांत, शिरोलीच्या फाउंड्र्यांत आणि पंचगंगेकाठच्या पाण्याच्या मोटारींवरही ती सारख्याच निष्ठेनं पाळली जाते. तिच्यासाठी उपास लागत नाही, खर्च नाही, भटजीही लागत नाही. काहीच न करणं एवढाच तिचा विधी. इतकं सोपं आणि इतकं दूरवर फळ देणारं व्रत दुसरं नसेल. तरीही त्याची पोथी लिहायला कोणी पुढे आलं नाही, म्हणून हे माहात्म्य.

व्रताचा संकल्प कसा सोडतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. दुपारची वेळ. कॅमेरे बसवणारा पोरगा शिडीवरून उतरतो, हाताला लागलेला चुना पँटला पुसतो आणि हॉलमधल्या टीव्हीवर चार चौकटी उमटवून दाखवतो: फाटक, पोर्च, जिना, स्वयंपाकघराचं मागचं दार. घरातली सगळी माणसं सोफ्याभोवती जमतात. आजी पोर्चमध्ये जाऊन टीव्हीकडे हात करते, मग आत येऊन विचारते, "दिसलो का न्हाई मी?" काका मोबाईल पुढे करतात. पोरगा त्यात ॲप टाकतो, खोक्यावरचा चौकोनी कोड स्कॅन करतो आणि पासवर्ड सांगतो.

"काका, ॲडमिन आणि एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. इसरायचं काम न्हाई."

"बदलायचा न्हवं ह्यो?"

"कशाला बदलताय? गल्लीत सगळ्यांचा ह्योच ठेवलाय. उद्या बिघाड झाला तर मलाबी ध्यानात ऱ्हायला पायजे की."

काकांचं समाधान होतं. रेकॉर्डिंगचं खोकं कपाटावर चढतं, त्याच्या पाठीला पासवर्डची चिठ्ठी चिकटपट्टीनं लागते, राऊटरमध्ये वायर जाते, हिरवा दिवा लुकलुकायला लागतो. चहा होतो. पोरगा निघून जातो. त्याच्या मोबाईलमध्ये काकांचं घर तसंच राहतं, त्याच्या आधीच्या सगळ्या घरांसारखं.

या व्रतानं अंगी येणारा पहिला गुण म्हणजे औदार्य. जुन्या काळी माणूस दाराला कडी लावायचा, कडीला कुलूप घालायचा, किल्ली करदोट्याला बांधायचा. त्याला आपल्या घरात काय चाललंय ते दुसऱ्याला दिसू द्यायचं नव्हतं. आपण तसे कद्रू राहिलो नाही. इंटरनेट ऑफ थिंग्ज, म्हणजे नेटला जोडलेल्या वस्तू, घरी आल्यापासून आपण जगाला आत घेतलं आहे. शोदान नावाचं एक सर्च इंजिन २००९ पासून हेच काम करतं. गुगल जशी पानं शोधतं तसं ते जगभरातली नेटवर उघडी असलेली यंत्रं शोधतं: कॅमेरे, राऊटर, प्रिंटर, कारखान्यांचे कंट्रोलर. २०१४ मध्ये इन्सेकॅम नावाच्या एका साइटनं तर ७३ हजारांवर कॅमेरे एका जागी मांडून ठेवले होते. ते फोडायला कोणी पहार घेऊन गेलं नव्हतं. कंपनीनं कारखान्यातून दिलेला पासवर्ड मालकांनी श्रद्धेनं जपला होता, एवढंच. कोणाचं दुकान, कोणाचा पाळणा, कोणाचं अंगण. मालकाला बघायला सवड नव्हती. दुसऱ्या कोणीतरी बघितलं, वस्तू वाया गेली नाही.

दुसरा गुण परोपकार. आपला कॅमेरा दिवसभर फाटक बघतो आणि रात्री नुसता बसून असतो, अशी आपली समजूत असते. तसं नसतं. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक प्रोग्राम नेटवर सोडला गेला. अमेरिकेतल्या तीन तरुण पोरांनी तो लिहिला होता आणि त्यांची भांडणं बरीचशी माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवरून होती. मिराईकडे मोठी अक्कल नव्हती. त्याच्याकडे साठेक नावं आणि पासवर्ड यांची यादी होती: ॲडमिन-ॲडमिन, रूट-रूट, रूट-एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. नेटवर जे यंत्र सापडेल त्याचं दार तो या यादीनं ठोठावायचा. उघडलं की आत शिरायचा आणि तिथूनच पुढचं दार शोधायला लागायचा. लाखो कॅमेरे, डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंगची खोकी, आणि राऊटर असे त्याच्या कामाला लागले.

मग या यंत्रांना हुकूम सुटले. सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रायन क्रेब्स या पत्रकाराच्या साइटवर त्यांनी एकदम धाड घातली, कारण तो अशाच लोकांच्या उलाढाली उघड करत होता. पुढे मिराईचा कोड उघड्यावर टाकला गेला आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी दुसऱ्या कोणी तोच वापरून डाइन या कंपनीवर हल्ला केला. साइटचं नाव टाइप केल्यावर तिचा पत्ता शोधून देणं हे डाइनचं काम. ते ठप्प झालं तसं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय तासन् तास बंद पडले. हे काम कोणा सैन्यानं केलं नव्हतं. जगभरातल्या व्रतस्थ घरांच्या कपाटांवर लुकलुकणाऱ्या खोक्यांनी ते केलं होतं. मालकांना पत्ताही नव्हता. दानाची वाच्यता करू नये म्हणतात, ते याहून चांगलं कोण पाळणार?

मिराईची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. तो यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो, त्यामुळे वीज गेली की पुसला जातो. आपल्याकडे वीज अधूनमधून जाते आणि या व्रतात खंड पडण्याची भीती तिथेच होती. पण वीज आली, पासवर्ड तोच राहिला, की तो काही मिनिटांत पुन्हा येतो. निष्ठा पक्की असेल तर विघ्नं टिकत नाहीत.

तिसरा गुण यंत्रांचा आज्ञाधारकपणा, आणि याचा दाखला खुद्द कोल्हापूरचा आहे. ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या चोरांनी एक खोटा स्विच उभा केला होता. एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं, खात्यात पैसे आहेत का, देऊ का? तो प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत जाऊच द्यायचा नाही आणि मधल्यामध्ये "दे" असं सांगायचं, एवढंच त्या स्विचचं काम. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएमनी ७८ कोटी रुपये दिले, भारतातल्या एटीएमनी अडीच कोटी. पुढच्या सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळले. एकूण ९४ कोटी. भारतात जिथे जिथे बनावट कार्डं घेऊन माणसं रांगेत उभी राहिली त्यात मुंबई होती, इंदूर होतं आणि कोल्हापूर होतं. इथल्या एटीएमनी कसूर केली नाही. यंत्राला माणूस ओळखता येत नाही, त्याला हुकूम ओळखता येतो. ज्याचा हुकूम बरोबर त्याची नोट बरोबर. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात अकरा जणांना शिक्षा केली. एटीएमवर खटला चालला नाही, ते निर्दोष होते.

शहराची एवढी थोरवी गायल्यावर शिवाराला विसरून चालणार नाही. शेतात नेटला आणि मोबाईलला जोडलेली वस्तू चैनीसाठी आली नाही, हे इथे स्पष्ट सांगितलं पाहिजे. शेतीपंपाला थ्री फेज लाइट बऱ्याचदा रात्रीची. दोन वाजता उठायचं, बॅटरी घ्यायची, उसातून वाट काढत नदीपर्यंत जायचं, मोटार चालू करायची आणि लाइट गेली की पुन्हा जायचं. साप, विंचू, ओला बांध, उघडी वायर. या पायपिटीत माणसं दगावली आहेत. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांना अशी रात्री-बेरात्री पंपापर्यंत पायपीट करताना पाहिलं होतं. त्यांनी मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारं नॅनो गणेश हे यंत्र बनवलं आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. आज कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मोबाईल स्टार्टर मिळतो. फोन लावायचा, आकडा दाबायचा, मोटार सुरू. फेज गेली, विहीर आटली, मोटार कोरडी फिरू लागली तर तोच उलटा निरोप देतो. उसाला किती पाणी द्यायचं ते मातीतला सेन्सर सांगू लागला आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं उसावर असे प्रयोग केले आहेत. पाटानं बेसुमार पाणी पाजून जमीन खारवणाऱ्या आपल्या भागाला याची गरज कोणाहूनही जास्त आहे.

आता या उपयोगाला व्रताची जोड कशी देतात ते पाहा. नदीकाठच्या पत्र्याच्या पेटीत स्टार्टर बसतो. त्यात सिमकार्ड असतं. त्या सिमचा नंबर घरातल्या सगळ्यांना लागतो, वाटेकऱ्याला लागतो, पाण्याची पाळी ज्याची त्यालाही लागतो. म्हणून तो पेटीच्या दारावर ऑइलपेंटनं लिहून ठेवतात, शेजारी चालू करायचा आणि बंद करायचा आकडा. मालकाचेच नंबर नोंदवायची आणि बाकीच्यांचे फोन नाकारायची सोय स्टार्टरमध्ये असेल तर तिला हात लावत नाहीत. तिला हात लावला तर पाहुणा आला, वायरमन आला, भाऊबंद आला, त्याचं अडलं तर? बांधाच्या वादात कोर्टात वीस वर्षं समोरासमोर बसलेल्या भावालाही आपली मोटार मध्यरात्री चालू करता यावी, एवढं मोठं मन दुसऱ्या कुठल्या खात्यात दिसतं?

या गुणांची खरी किंमत कळायला आपल्याच जिल्ह्यातली जुनी यंत्रणा शेजारी ठेवून पाहावी. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. एकेका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटतं आणि पातळी उतरली की ते मिटतात. त्यांना ॲप नाही, सिमकार्ड नाही, पासवर्ड नाही. मॉस्कोत किंवा मनिलात बसून कोणी कितीही प्रेमानं विनवलं तरी ते ऐकत नाहीत. ते फक्त पाण्याचं ऐकतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचं तर त्याहून अवघड. पावसाळा सरला की माणसांनी एकेक बरगा, म्हणजे फळी, खाचेत बसवायचा, पावसाआधी एकेक काढायचा. कोणते बरगे घातले, कोणी घातले, कधी काढले, हे सगळं कोणा ना कोणाला ठाऊक असतं. प्रत्येक दाराला राखणदार आणि प्रत्येक हुकुमाला जबाबदार माणूस. इतकं संशयी स्वभावाचं स्थापत्य आपल्या पूर्वजांनी का उभारलं असेल, हे कॅमेऱ्याला एक-दोन-तीन ठेवणाऱ्या पिढीला उमगणं कठीण आहे.

पोथीत व्रतभंगाचं प्रकरण असतंच, कारण व्रत मोडायला टपलेले लोक असतात. केंद्र सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढली आणि ९ एप्रिल २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची तपासणी सक्तीची केली. ब्रिटननं तर २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना सारखाच, सहज ओळखता येणारा पासवर्ड घालून वस्तू विकायलाच बंदी केली. शिवाय त्या वस्तूला सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळतील ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. सुदैवानं भिंतीवर आधीच लागलेल्या कॅमेऱ्यांपर्यंत कोणताही नियम शिडी लावून पोचत नाही. ते व्रत चालूच राहतं.

घरातून मात्र ते फार लवकर मोडू शकतं, म्हणून व्रतस्थांनी पुढच्या गोष्टींपासून सावध राहावं. कॅमेऱ्याचा, डीव्हीआरचा आणि राऊटरचा पासवर्ड वेगवेगळा आणि लांब ठेवला, की मिराईची यादी कुचकामी होते. बसवणाऱ्याचा मोबाईल ॲपमधून काढून टाकला, की त्याच्याकडे राहिलेली आपली किल्ली मोडते. कंपनीचे अपडेट घेतले, की कळलेली भगदाडं बुजतात. राऊटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय सुरू करून कॅमेरा, टीव्ही, बल्ब असल्या वस्तू त्यावर टाकल्या, की त्यांतली एक फुटली तरी ज्या फोनवरून बँकेचं काम होतं तो वेगळा राहतो. घराबाहेरून कॅमेरा बघायची गरज नसेल तर ती सोयच बंद केली, की जगाला आत यायला वाटच राहत नाही. स्टार्टरला घरातले दोन-तीन नंबर नोंदवले आणि कारखान्यातून आलेला आकडा बदलला, की पेटीवरचा ऑइलपेंट निरुपयोगी होतो. जुना कॅमेरा भंगारात देण्याआधी रीसेट केला, की तो आपल्या वायफायची किल्ली सोबत नेत नाही. या सगळ्याला मिळून एखादी दुपार पुरते. एवढ्याशा कामानं एवढं मोठं व्रत बुडतं, यावरून ते किती नाजूक आहे ते कळावं.

इथवरची स्तुती कशासाठी केली ते आता उघड सांगतो. हा खुळेपणा मला हसण्यासारखा वाटत नाही, कारण त्याची किंमत खुळेपणा करणारा मोजत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहात बायकांना तपासतानाचं चित्रण यूट्यूबवर झळकलं आणि टेलिग्रामवर विकायला आलं. पोलिसांनी माग काढला तेव्हा अटक झालेल्यांत एक जण लातूरचा आणि एक आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातला निघाला. तिथल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड ॲडमिन१२३ होता. ते कॅमेरे ज्यांनी बसवले, ज्यांनी बसवून घेतले, ज्यांनी पासवर्ड कधी बदलला नाही, त्यांतल्या कोणाचंही अंग त्या चित्रणात नव्हतं. ज्या बाया तिथे तपासायला गेल्या होत्या त्यांना कॅमेऱ्याचा पासवर्ड नावाची काही वस्तू असते हेही माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आपल्या शहरातल्या दवाखान्यांत, मुलींच्या वसतिगृहांत, कपड्यांच्या दुकानांत, पाळणाघरांत जेवढे कॅमेरे आहेत तेवढ्यांबद्दल हाच प्रश्न उभा आहे आणि तो विचारायचा हक्क कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचा आहे. तपासणीच्या खोलीत कॅमेरा असूच नये, हे तर पासवर्डच्याही आधीचं.

दुसरी गोष्ट आपल्या पाण्याची. कोल्हापूरकराला पावसाळ्यात एक आकडा कळावा लागतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला ती ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ ला पुन्हा घरांत शिरली. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पातळी आपोआप कळवणारी यंत्रणा जलसंपदा विभागानं उभी केली आहे आणि ती उभी राहायलाच हवी होती, कारण अशा यंत्रांनी जीव वाचतात. पण ज्या आकड्यावर आंबेवाडी-चिखलीतली माणसं म्हशी सोडायच्या की नाही ते ठरवतात, तो आकडा देणाऱ्या वस्तूला एक-दोन-तीन-चारचं कुलूप असून चालणार नाही. उपयोग जितका मोठा, तितकं कुलूप पक्कं. नेटला जोडलेल्या वस्तूंना घाबरून त्या काढून टाकायचा सल्ला मी देणार नाही. रात्री दोनला उसातून नदीवर जाणारा माणूस घरी झोपावा, हेच मला हवं आहे. त्याच्या झोपेत दुसऱ्या कोणी त्याची मोटार चालवू नये, हेही हवं आहे.

त्यासाठी प्रत्येकानं संगणकतज्ज्ञ व्हायची गरज नाही. कॅमेरा किंवा स्टार्टर बसवणाऱ्याच्या बिलावर, वायरच्या मीटर आणि मजुरीच्या खाली, आणखी तीन ओळी आल्या पाहिजेत: पासवर्ड मालकानं स्वतः बदलला, बसवणाऱ्याचा मोबाईल ॲपमधून काढला, अपडेट अमुक सालापर्यंत मिळतील. खाली दोघांच्या सह्या. गल्लीतली मंडळं गणपतीत मांडवाला कॅमेरे लावतात, सहकारी दूध संस्था आणि पाणीपुरवठा संस्था आपल्या सभांत खरेदीचे ठराव करतात. त्यांनी या तीन ओळींशिवाय बिल मंजूर करू नये. सभासदांना हिशेब विचारायची सवय या जिल्ह्याला नवी नाही, वार्षिक सभेत पै-पैवरून खुर्च्या हलतात. तीच सवय आता कॅमेऱ्याच्या बिलाला लावायची आहे.